मिली की मिलिग्रॅम?

परवा रात्री न्यू जर्सीहून मैत्रिणीचा फोन. हाय-हॅलो काही नाही, डायरेक्ट, "अगं, आज थोडक्यात वाचलो!"

तिच्या चार वर्षांच्या लेकीला फिट्स येतात. औषध गोळीचं, आणि गोळी काही तिला गिळता येत नाही. मग तिथली कंपाउंडिंग फार्मसी गोळ्यांची पूड करून, सिरपमध्ये कालवून बाटली बनवून देते. डोस 5 मिली. मैत्रीण ऑफिसला गेली की औषध द्यायचं काम पुण्याहून आलेल्या आजीकडे. म्हणून हिने सिरिंजवर चक्क नेलपॉलिशची रेघ मारून दिलेली. "आई, इथपर्यंत भर आणि दे." सिंपल!

गेल्या आठवड्यात फार्मसी बदलली. बाटली तश्शीच. आजींनी रेघेपर्यंत भरलंसुद्धा. मग काय वाटलं कोण जाणे, चष्मा लावून लेबल वाचलं. तिथे लिहिलेलं, 1.5 मिली.

आता जरा गणित. जुन्या बाटलीत एका मिलीत औषध 6 मिलिग्रॅम, म्हणजे 5 मिलीत 30. नव्या बाटलीत एका मिलीत 20, म्हणून दीड मिलीतच 30. रेघेपर्यंतचं पोटात गेलं असतं तर 100 मिलिग्रॅम. तिपटीहून जास्त!

चूक कुणाची? खरं तर रेघेची. 'पाच मिली' हा डोस नसतोच, ते नुसतं माप. डोस म्हणजे मिलिग्रॅम. अशी बनवून दिलेली औषधं एफडीएने मंजूर केलेली नसतात, आणि दोन फार्मसींची स्ट्रेंग्थ सारखी असेलच असं नाही. आपल्याकडच्या रेडिमेड सिरपचंही लेबल म्हणूनच दर वेळी वाचायचं. डॉक्टर बदला, शहर बदला, सांगताना मिलिग्रॅमच सांगा.

बाकीच्या गोष्टी छोट्या, पण चुकवू नका. बाटली दर वेळी नीट हलवा. नाहीतर औषध तळाशी बसतं, सुरुवातीचे डोस कमी पडतात आणि शेवटचे जास्त होतात. घरातला चमचा नको, सिरिंजच हवी. फ्रिजमध्ये ठेवायचं की बाहेर, हे लेबल सांगेल. तारीखही बघा, काही मिश्रणं जेमतेम 14 दिवस टिकतात. बनवायला वेळ लागतो, तेव्हा बाटली संपायच्या चार-पाच दिवस आधीच ऑर्डर द्या. कारण हे औषध अचानक बंद झालं, तर फिट्स जोरात परत येऊ शकतात. डोस चुकून जास्त गेला, तर वाट बघत बसू नका, लगेच डॉक्टरांना फोन करा.

मैत्रिणीने त्याच रात्री रिमूव्हर घेऊन रेघ पुसली. आता फ्रिजवर मोठ्या अक्षरात कागद आहे : '30 मिलिग्रॅम. आधी लेबल वाच.'

आणि आजींची कॉमेंट? "नेलपॉलिश नखांनाच शोभतं गं!"