दोष माणसांचा की यंत्रणेचा?

कोठडीत माणूस दगावला की सत्ताधाऱ्यांच्या मुखातून एक ठरीव वाक्य बाहेर पडते: दोष पोलीस यंत्रणेचा नव्हे, काही चुकार कर्मचाऱ्यांचा आहे. पुरोगामी व्यासपीठांवरून त्याला तितकेच ठरीव उत्तर मिळते: माणसे निमित्तमात्र आहेत, व्यवस्थाच सडलेली आहे. ही वाक्ये एकमेकांची वैरी भासतात. परिणाम मात्र एकच. पहिल्याने यंत्रणा सुटते, दुसऱ्याने मारणारा सुटतो. परभणी जिल्ह्याने या वादाची किंमत दोन तरुणांच्या प्राणांनी चुकवली आहे.

ख्वाजा युनूस हा परभणीचा सत्तावीस वर्षांचा संगणक अभियंता. घाटकोपर बॉम्बस्फोटाच्या संशयावरून डिसेंबर 2002 मध्ये त्यास अटक झाली. जानेवारी 2003 मध्ये, नेत असता वाहनास अपघात होऊन तो पळाला, असे पोलिसांनी सांगितले. गुन्हे अन्वेषण विभागाने ही कथा खोटी ठरवली. मृत्यू कोठडीतच झाला होता. मृतदेह आजतागायत मिळालेला नाही. चौदा पोलिसांवर ठपका आला. शासनाने खटल्यास मंजुरी दिली ती केवळ चौघांविरुद्ध. सुनावणी सुरू व्हावयास दीड दशक लागले आणि निलंबितांपैकी काही जण जून 2020 मध्ये सन्मानाने सेवेत परतले.

दुसरे नाव सोमनाथ सूर्यवंशी या कायद्याच्या विद्यार्थ्याचे. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याजवळील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागले आणि धरपकड झाली. 15 डिसेंबरला सोमनाथचा न्यायालयीन कोठडीत मृत्यू झाला. शवविच्छेदनाने अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण नोंदवले. शासनाने मात्र विधिमंडळात मारहाणीचा इन्कार केला आणि जुन्या श्वसनविकाराकडे बोट दाखवले. दंडाधिकाऱ्यांच्या चौकशीत पोलिसांवर ठपका येऊनही गुन्हा नोंदवला गेला नाही. तो आदेश 4 जुलै 2025 रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठास द्यावा लागला. त्याविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 जुलैला तेथेही हरले.

या दोन प्रकरणांमधील बावीस वर्षांत नियमांचा दुष्काळ नव्हता. डी. के. बसू खटल्यातील 1996 चे निर्देश होतेच. कोठडीतील मृत्यूची दंडाधिकाऱ्यांकरवी चौकशी पुढे कायद्याने बंधनकारक झाली. पोलीस सुधारणांविषयी प्रकाश सिंग खटल्याचा निकाल 2006 साली आला. प्रत्येक ठाण्यात कॅमेरे बसवण्याचा आदेश 2020 साली निघाला. मग उणीव कोठे राहिली? ठपका आणि खटला यांच्यामध्ये. चौकशी सक्तीची आहे, परंतु अहवालानंतर गुन्हा कोणी व किती दिवसांत नोंदवावा, याविषयी तेच कलम मुके आहे. शासकीय मंजुरीचा अडसर तर आहेच. म्हणजे चुकार माणसावर बोट ठेवणारे शासनच, त्या माणसाचे नाव पुढे येताच, त्याच्यापुढे यंत्रणेची ढाल धरते. लाठी उगारणारा हात व्यक्तीचा असतो. तो हात पुन्हा उगारला जाईल याची हमी यंत्रणा देते. आणि ही हमी आकाशातून पडत नाही. मंत्रालयातील एखादा अधिकारी, एखादा मंत्री तीवर स्वाक्षरी करतो.

म्हणून "व्यवस्था बदला" एवढी घोषणा देऊन कार्यकर्त्यांना स्वस्थ बसता येणार नाही. व्यवस्था बदलेपर्यंत गुन्हेगाराने मोकळे हिंडावे, हा समाजवाद नव्हे. तसेच एका निरीक्षकाच्या निलंबनावर समाधान मानणे म्हणजे पुढील बळीस संमती देणे होय. मागण्या नेमक्या हव्यात. मंजुरीचा निर्णय ठराविक मुदतीत व्हावा. नाकारल्यास नाकारणाऱ्याच्या नावासह कारणे जाहीर व्हावीत. तपास स्थानिक पोलिसांपासून स्वतंत्र असावा. चौकशीचा अहवाल मृताच्या कुटुंबास विनाविलंब मिळावा.

आणि जिंतूर, सेलू, पाथरी, गंगाखेड येथील प्रत्येक शाखेने एक काम आजच हाती घ्यावे. अटकेच्या वेळी साक्षीदाराच्या सहीचा पंचनामा झाला काय, नातलगांस कळवले काय, दर अठ्ठेचाळीस तासांनी वैद्यकीय तपासणी झाली काय, हे ठाण्यात जाऊन विचारावे. उत्तर देणाऱ्याचे नाव, हुद्दा व वेळ टिपून ठेवावी. व्यक्ती आणि यंत्रणा यांपैकी कोणालाही दुसऱ्याच्या पाठीमागे लपू न देण्याचा हाच एक मार्ग आहे.