सांगाडा तोच, दारे नवी

धानाचा चुकारा हाती आला की घरात दोन बोलणी हमखास निघतात. पुरुषमंडळींचे बोलणे मोटारपंपाचे नाहीतर धुऱ्याच्या दुरुस्तीचे, आणि घरच्या लक्ष्मीचे बोलणे स्वयंपाकघराचे. मोहाडीहून तुमसरला किंवा भंडाऱ्याला बाजाराला गेले, की दुकानात मांडलेले ओट्याखालचे तयार कपाट डोळ्यांत भरते. वर चकचकीत दारे, आत सरकते खण. आपल्या घरातले सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले कपाट मात्र फुगलेल्या कडांचे आणि लोंबत्या दारांचे झालेले असते. मग दुकानदार म्हणतो, "जुने काढून टाका, नवे बसवून देतो." वाचक भगिनींनो, त्याला होकार देण्याआधी हा मजकूर वाचा. पैसा घामाचा आहे.

तयार कपाटाचे दोन भाग असतात. एक सांगाडा, म्हणजे बाजू, बूड, पाठ आणि मधल्या फळ्या. दुसरा दर्शनी भाग, म्हणजे दारे आणि खणांच्या पुढच्या फळ्या. कपाट जुने झाले असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा दर्शनी भागच जुना झालेला असतो. ओला हात, फोडणीचा तेलकट धूर आणि लहान मुलांचे लोंबकळणे हे सारे दारांनाच सोसावे लागते. सांगाडा धड असेल तर नुसती दारे आणि खणांच्या फळ्या बदलून तेच कपाट नवे करता येते. नवे कपाट घेतानाही ही युक्ती चालते. साधा सांगाडा तयार घ्यावा आणि दारे गावच्या सुताराकडून आपल्या पसंतीची करवून घ्यावी.

हे काही आपल्याच गरिबीचे शहाणपण नव्हे. स्वीडनची आयकिया ही तयार सामानाची जगप्रसिद्ध कंपनी, २०२० च्या डिसेंबरात तिचे मोठे दुकान नवी मुंबईतही उघडले. तिकडे युरोपात लोक या कंपनीचे सांगाडे घेतात आणि त्यांवर दारे दुसऱ्याच कारखान्याची बसवतात. कोपनहेगनची 'रिफॉर्म' ही कंपनी २०१४ पासून हाच व्यवसाय करते. मात्र त्याच सुमारास एक गंमतही झाली. आयकियाने आपली जुनी कपाटांची जात बंद करून नवी आणली. जुन्यात ओट्याखालचा सांगाडा ७० सेंटिमीटर उंच होता, नव्यात तो ८० झाला. ज्यांच्या घरी जुने सांगाडे होते त्यांना नव्या मापाची दारे काय उपयोगाची? दुकानाच्या मापावर विसंबलेल्याचे असे होते. आपल्या सुताराला ही अडचण कधीच नाही, कारण तो माप घेऊनच दार करतो.

आता आधी सांगाडा तपासा. या कामी घाई नको, सगळी भांडीकुंडी बाहेर काढा. बुडाच्या फळीवर, विशेषतः मोरीच्या बाजूला, खिळ्याचे टोक दाबून पाहा. ते सहज रुतले तर फळी कुजली. तयार कपाटे पुष्कळदा लाकडाच्या भुशाच्या दाबलेल्या फळीची, म्हणजे पार्टिकल बोर्डाची असतात. ही फळी पाणी प्यायली की फुगते, आणि एकदा फुगलेली पुन्हा बसत नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला आलेल्या पुराचे पाणी जिल्ह्यात कितीतरी घरांत शिरले. असे पाणी पाहिलेले भुशाच्या फळीचे कपाट वरून कितीही पुसले तरी त्यावर नवी दारे चढवणे म्हणजे पैसे पाण्यात घालणे. पाठीमागे भिंतीला ओल असेल किंवा उधईची मातीची रेघ दिसली तरीही तेच. आधी भिंतीचे काम, मग कपाटाचे.

दुसरी परीक्षा दोरीची. सांगाड्याच्या तोंडाशी वरच्या डाव्या कोपऱ्यापासून खालच्या उजव्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणा, तिथे गाठ मारा आणि तीच दोरी दुसऱ्या तिरप्या अंगाने लावून पाहा. दोन्ही मापे सारखी आली तर सांगाडा काटकोनात आहे. अर्ध्या इंचाचा फरक निघाला तर नवी दारे कितीही सुबक असोत, वाकडीच दिसतील. कधी नुसती एका पायाखाली पाचर ठोकली की सांगाडा सरळ होतो. तेवढे करून मगच माप घ्यावे.

ज्यांच्या घरी सांगाडाच नाही, कडप्प्याचा ओटा आणि खाली उघडे कप्पे आहेत, अशी घरे गावात भरपूर. घरकुल योजनेत बांधलेल्या घरांतही ओटा असाच असतो. त्यांना सांगाडा घेण्याची गरज नाही. कप्प्याच्या तोंडाला लाकडी चौकट ठोकून त्यावर दारे लावली की काम झाले. कडप्प्याला ना पुराची भीती, ना उधईची. माझ्या मते खेड्यातल्या ओट्याला याहून चांगला सांगाडा नाही, आणि तो बहुतेकांच्या घरी आधीच आहे.

मापाचे गणित एकदा नीट समजून घ्या, म्हणजे सुताराशी बोलताना अडणार नाही. समजा सांगाडा बाहेरून ६०० मिलिमीटर रुंद आणि ७२० उंच आहे, आणि दारे सांगाड्याच्या कडांवर बसणारी आहेत. दोन दारांमध्ये आणि शेजारच्या कपाटाच्या दाराशी एक सूत, म्हणजे सुमारे ३ मिलिमीटर फट हवी. म्हणून प्रत्येक दार २९७ रुंद आणि ७१७ उंच. आता आठ बाय चार फुटांचा प्लायचा ताव असतो २४४० बाय १२२० मिलिमीटरचा. करवतीची वाट धरूनही रुंदीत चार आणि लांबीत तीन, अशी बारा दारे त्यात बसतात. वर लांबीच्या टोकाला साधारण २८० मिलिमीटरची पट्टी उरते. तीत त्याच सांगाड्यांच्या खणांच्या चार फळ्या निघतात, आणि लाकडाच्या रेघा दारांप्रमाणेच उभ्या येतात. सहा सांगाड्यांची दारे एका तावात! दुकानदार प्रत्येक दाराचे वेगळे दर सांगतो तेव्हा हे गणित मनात असू द्या.

प्लाय घेताना त्यावरचा शिक्का पाहावा. आयएस ३०३ हा साधारण कामाच्या प्लायचा मानक क्रमांक आणि आयएस ७१० हा पाण्यात टिकणाऱ्या, मरिन म्हणतात त्या प्लायचा. मोरीशेजारच्या दारांना दुसरा घ्यावा, बाकीच्यांना पहिला पुरतो. सनमायका लावायचा तर दोन्ही अंगांनी लावून घ्या. आतून हलका, स्वस्तातला चालेल. एकाच अंगाला लावला तर दार बाक धरते आणि मग सुताराला दोष देऊन उपयोग नसतो. चारही कडांना पट्टी हवीच, खालच्या कडेला तर नक्कीच. ती कड कोणाला दिसत नाही म्हणून सोडून देतात आणि पाणी नेमके तिथूनच शिरते.

आता सागवानाचे. आपल्या भागात जुनी कौलारू घरे पाडून नवी बांधली जातात आणि पाडलेल्या घराची दारे, फळ्या, पाटण गोठ्यात पडून राहते. त्यांत चांगला पिकलेला साग असतो. तो वर्षानुवर्षे वाळलेला असल्यामुळे नव्या लाकडापेक्षा कमी हलतो. सुताराला द्यायच्या आधी त्यातले खिळे एकूण एक काढा, नाहीतर त्याच्या रंध्याचे पाते जाईल आणि तो पुन्हा तुमचे काम घेणार नाही. शेतातला उभा साग मात्र आपल्या मनाने तोडू नका. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड कायद्याप्रमाणे साग तोडायला परवानगी लागते, झाड आपल्या बांधावरचे असले तरी.

सागवानी दार एकसंध फळीचे करू नये. पावसाळ्यात लाकूड फुगते आणि आपल्याकडच्या वैशाखात आकसते. एक फूट रुंद फळीत हा फरक सूतभर सहज होतो. म्हणून चार पट्ट्यांची चौकट करावी, तिच्या आतल्या कडेला खाच पाडावी आणि पातळ फळी त्या खाचेत मोकळी बसवावी. फळीला खाचेत फेव्हिकोल लावू देऊ नका. ती हलायला मोकळी राहिली तरच चिरत नाही. आपल्या जुन्या वाड्यांची दारे याच रीतीने केलेली आहेत. उभी पट्टी किमान अडीच इंच रुंद हवी, कारण तिच्यात बिजागरीची वाटी बसायची असते.

या बिजागरीविषयी दोन शब्द. तयार कपाटांना आतून वाटीसारखी बिजागरी असते, बाजारात तिला ऑटो हिंज म्हणतात. वाटी ३५ मिलिमीटर व्यासाची असते आणि तिला सुमारे १२ मिलिमीटर खोल भोक लागते. म्हणून दार पाऊण इंच जाडीचे घ्यावे. अर्ध्या इंचाच्या दारात भोक पलीकडे निघेल. उलट इंचभर जाडीचे दार उघडताना शेजारच्या दाराला घासते. दार सांगाड्याच्या कडेवर पूर्ण बसते, अर्धे बसते की आत बसते, यावर बिजागरीची जात ठरते. जुनी बिजागरी काढून दुकानात दाखवली की चूक होत नाही. तीन फुटांपर्यंतच्या दाराला दोन पुरतात, पुढे तीन लावाव्या. भुशाच्या फळीतला स्क्रू एकदा निघाला की त्याच भोकात पुन्हा धरत नाही. तिथे बांबूची घट्ट खुंटी फेव्हिकोल लावून ठोकावी, रात्रभर वाळू द्यावी आणि मग तिच्यात नवे भोक पाडावे. बांबू आपल्याकडे विकत आणावा लागत नाही.

खणांच्या बाबतीत एक फसगत होते. काही खणांना आतली चौथी बाजू वेगळी असते आणि दर्शनी फळी तिच्यावर आतून स्क्रूने बसवलेली असते. ती बदलणे अर्ध्या तासाचे काम. पण स्वस्त कपाटांत दर्शनी फळी हीच चौथी बाजू असते. ती काढली की खणच सुटतो. अशा ठिकाणी जुनी फळी तशीच ठेवून तिच्यावर पातळ प्लाय चिकटवावा. खण उपसून आत डोकावले की कोणता प्रकार आहे ते दिसते.

दारे कोणत्या तऱ्हेची करावी हा आवडीचा प्रश्न. तरी एवढे सांगते की पांढरी चकचकीत दारे ज्या चित्रात पाहिली त्या चित्रात चूल नसते. आपल्याकडे गॅस आला तरी आंघोळीचे पाणी आणि भाताचा मोठा गंज पुष्कळ घरी अजून चुलीवरच असतो. काजळी नक्षीत बसते आणि टाचणीने कोरावी लागते. सपाट दार, मातकट किंवा राखी रंग, हेच बरे. कांदे-बटाट्याच्या कप्प्याला जाळीचे दार करा. पूर्वी दुधातुपाच्या आलमारीला जाळी असायची ती वारा खेळावा म्हणूनच. लाखोळीच्या डाळीच्या आणि पोह्यांच्या डब्यांना मात्र बंद दार हवे आणि खालची फट सूतभरच ठेवावी, म्हणजे उंदराचे पिल्लूही शिरणार नाही.

मुठी पितळेच्या घेतल्या तर भंडाऱ्यासारख्या पितळेच्या गावाजवळ राहिल्याचे सार्थक होईल, शिवाय चिंचेने घासल्या की पुन्हा उजळतात. त्यांची भोके दार बसवून झाल्यावरच पाडा. आधी पाडली की एक मूठ वर, एक खाली.

सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट गॅसच्या सिलिंडरची. ओटा शोभिवंत करण्याच्या नादात सिलिंडरच्या कप्प्यालाही घट्ट दार लावतात. हे फार धोक्याचे आहे. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर उडून जात नाही, खाली जमिनीशी साचतो. बंद कप्प्यात साचलेला गॅस ठिणगीची वाट पाहतो. त्या कप्प्याला दार नसलेलेच चांगले. पडदाही नको. लावायचेच असेल तर दाराच्या खालच्या भागात, अगदी जमिनीलगत, मोठी जाळी ठेवा आणि वरच्या बाजूलाही वारा जायला जागा ठेवा. सिलिंडर उभाच असावा, शेगडी त्याच्यापेक्षा उंचावर असावी. नळी ओट्याच्या भोकातून जात असेल तर भोकाच्या कडा घासून गुळगुळीत करून घ्या. ती नळी पाच वर्षांनी बदलावी लागते हेही विसरू नये. सुतार दारे बसवायला येईल त्या दिवशी सिलिंडर बंद करून बाहेर अंगणात ठेवा.

काम काढायचे तर धान निघाल्यावर, फाल्गुनाच्या आत काढा. त्या दिवसांत हवा कोरडी असते, लाकूड वाळलेले राहते आणि सुतारही लग्नसराईच्या पलंग-आलमारीत अडकलेला नसतो. सुताराला सगळे पैसे आधी देऊ नका. सामान तुम्ही आणा, मजुरी तीन हप्त्यांत द्या, आणि शेवटचा हप्ता सगळी दारे एकदा उघडून-मिटून पाहिल्यावर. नवे लाकूड पहिल्या पावसाळ्यात थोडे फुगेल. दार घासू लागले तर लगेच रंधा मारू नका. बिजागरीवर दोन-तीन स्क्रू असतात, ते फिरवून दार सूतभर इकडे-तिकडे सरकवता येते. ते कसे सरकवायचे हे सुताराकडून त्याच दिवशी शिकून घ्या.

आणि सगळ्या दारांची मापे, बिजागरीची जात, सनमायकाचा क्रमांक एका कागदावर लिहून तो मसाल्याच्या कप्प्याच्या दाराला आतून चिकटवून ठेवा.