भविष्यकाळाचा प्रत्यय

शाळामास्तराच्या हातून जन्मभर जें जप्तीचें काम घडतें, त्याचा हिशेब निवृत्तीनंतर कोणी मागत नाहीं, हें त्याचें भाग्यच म्हणावयाचें. छत्तीस वर्षांच्या नोकरींत संस्कृत शिकवितां शिकवितां बांकांखालीं लपविलेल्या किती चित्रकथा आम्हीं ओढून काढल्या आणि टेबलाच्या खणांत कोंडल्या, याची गणती नाहीं. सत्र संपलें कीं त्या ज्याच्या त्याला परत देत असूं. पण त्यांतील एकहि उघडून पाहण्याची इच्छा कधीं झाली नाहीं. रंगीबेरंगी कपडे घातलेलीं माणसें एकमेकांस गुद्दे मारीत आहेत, एवढें मुखपृष्ठावरून दिसे, आणि तेवढें आम्हांस पुरे होई. गेल्या महिन्यांत मात्र तसलेंच एक पुस्तक आम्हीं पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलें. तें कां वाचलें आणि वाचून काय झालें, हें आज वाचकांस सांगावयाचें आहे.

आमच्या घरीं दोन नातू. थोरल्या चिरंजिवांचा माधव यंदा इंजिनीयर झाला. धाकट्यांचा अनिरुद्ध नववींत आहे. माधवास एका कंपनींत नोकरी मिळाल्याचें पत्र आलें, त्या दिवशीं तें देवापुढें ठेवून घरांत पेढे वांटले गेले. पत्रासोबत करारनामा होता. तीन वर्षें नोकरी सोडावयाची नाहीं, सोडल्यास मोठी रक्कम भरावयाची, आणि तोंपर्यंत शाळा-कॉलेजांतील सर्व मूळ प्रमाणपत्रें कंपनीच्या स्वाधीन करावयाचीं, अशीं त्यांत कलमें होतीं. माधवानें तें आम्हांस दाखविलें. "शिस्तीची कंपनी दिसते, सही करून टाक," असें आम्हींच त्यास सांगितलें. ही आमची चूक वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

त्याच आठवड्यांत अनिरुद्धानें मित्राकडून एक जाड इंग्रजी चित्रकथासंग्रह आणला. २०२३ सालीं स्पायडर-मॅनचा एक चित्रपट आपल्याकडे दहा भाषांत आला होता व त्यांत मराठीहि होती. मुंबईची आठवण करून देणारें एक काल्पनिक शहर आणि पवित्र प्रभाकर नांवाचा एक कोळीवीर त्यांत असल्यामुळें मुलांना त्याचें मोठें कौतुक. त्याच चित्रपटांत मिगेल ओहारा नांवाचा निळ्या पोषाखाचा, कपाळाला आंठ्या घातलेला दुसरा एक वीर आहे. त्याची मूळ कथा या पुस्तकांत होती. अनिरुद्ध तें आमच्यापुढें धरून म्हणाला, "आबा, यांतला माणूस नोकरी सोडायला जातो, तेव्हां त्याचा साहेब काय करतो तें तुम्ही वाचाच. मला दादाचीच आठवण झाली."

आमचें इंग्रजी मॅट्रिकपुरतें. शब्दकोश जवळ घेऊन बसलों. तरी एका शब्दाशीं अडलोंच. यांतील माणसें रागावलीं म्हणजे ‘शॉक’ म्हणतात. शब्द कोशांत आहे, पण त्या अर्थानें नाहीं. ती लेखकानें भावी काळासाठीं घडविलेली शिवी आहे, हें नातवानें समजावून दिलें. शिवीसुद्धां नवी घडविणारा लेखक भाषेविषयीं बेपर्वा नसावा, असें मनांत येऊन आम्ही पुढें सरसावलों.

न्यूयॉर्क येथील मार्व्हल नांवाच्या प्रकाशनसंस्थेनें १९९२ च्या अखेरीस ही ‘२०९९’ मालिका आरंभिली. तिच्या नेहमींच्या वीरांच्या कथा वाचकांच्या चालू काळांत घडत. येथें काळ एकशें सात वर्षें पुढें नेला. नांवें बहुतेक जुनीं, माणसें नवीं. आरंभीं स्पायडर-मॅन, रॅव्हेज, डूम आणि पनिशर अशीं चार मासिकें निघालीं. १९९३ त एक्स-मेन आणि १९९४ त घोस्ट रायडर व हल्क यांची भर पडली. स्पायडर-मॅनची कथा पीटर डेव्हिड यांनीं लिहिली आणि चित्रें रिक लिओनार्डी यांनीं काढलीं.

या कल्पित अमेरिकेंत सरकार नांवाला उरलें आहे. खरी सत्ता मोठमोठ्या कंपन्यांची. न्यूयॉर्कचें नांव ‘नुएवा यॉर्क’ झालें आहे. श्रीमंत मंडळी उंच मजल्यांवर राहतात आणि जुन्या शहराच्या तळाशीं अंधारांत दरिद्री लोक कोंबलेले आहेत. मिगेल ओहारा हा अल्केमॅक्स नांवाच्या सर्वांत बलाढ्य कंपनीचा जनुकशास्त्रज्ञ. मनुष्यदेहांत दुसऱ्या प्राण्यांचे गुण उतरवून कंपनीसाठीं लढवय्ये तयार करावयाचे, हें त्याचें काम. प्रयोग अपुरा असतां टायलर स्टोन हा त्याचा वरिष्ठ एका कैद्यावर तो करावयास लावतो आणि कैदी मरतो. मिगेलची मान खालीं जाते, आणि तो राजीनामा द्यावयास जातो.

येथें नातवानें सांगितलेला प्रसंग येतो. स्टोन रागावत नाहीं. तो आदरानें बसवून घेतो, पेय पुढें करतो. त्यांत ‘रॅप्चर’ नांवाचें मादक द्रव्य मिसळलेलें असतें. त्याची चटक शरीराच्या जनुकांनाच लागते, आणि तें कायदेशीरपणें विकण्याचा अधिकार एकट्या अल्केमॅक्सला आहे. हातांत बेडी नाहीं, दारास कुलूप नाहीं. मिगेल वाटेल तेव्हां जाऊं शकतो, पण गेला तर तडफडेल. तें पान वाचून झाल्यावर आम्हीं चष्मा काढून ठेवला. माधवाचीं प्रमाणपत्रें डोळ्यांपुढें आलीं.

पुढें मिगेल रात्रीं प्रयोगशाळेंत शिरून आपल्या शरीराची जपून ठेवलेली जुनी नोंद यंत्रांत घालून शुद्ध होऊं पाहतो. त्याचा हेवा करणारा एक अधिकारी त्यांत ढवळाढवळ करतो आणि मिगेलचें अर्धें शरीर कोळ्याच्या जातीचें होऊन बसतें. बोटांना नख्या, तोंडांत विषारी सुळे, उजेड सहन न होणारे डोळे. अंगांत बळ आलें, पण तें वरदानासारखें नव्हे, दुखण्यासारखें. आणखी पुढें कळतें कीं, त्याचा खरा पिता तो स्टोनच. आपल्याकडील वाचकास कर्णाचें जन्मरहस्य आठवल्यावांचून राहणार नाहीं. परंतु आमच्या मनावर ठसलें तें एवढेंच कीं, या वीराची पहिली लढाई कोणा राक्षसाशीं नाहीं. स्वतःचा देह मालकाच्या हातून सोडवून घेणें, हीच ती लढाई.

इतर मासिकांविषयीं आम्हीं नातवाकडून ऐकलें तें थोडक्यांत सांगतों. ‘पब्लिक आय’ नांवाचें पोलीस दल खाजगी आहे. त्यांतील एका शिपायाच्या कुटुंबाची हत्या होते आणि धनाढ्य खुनी पैसे भरून मोकळा सुटतो, तेव्हां तो शिपाई पनिशर बनतो. रॅव्हेज हा स्टॅन ली यांनीं लिहिलेला. तो निसर्गरक्षणाच्या खात्याचा प्रमुख, आणि त्यालाच शोध लागतो कीं, खात्याचे धनीच हवा-पाणी नासवीत आहेत. जुना खलपुरुष डूम तर १९९५ च्या अंकांत अमेरिकेचा अध्यक्ष होऊन बसतो. थॉर देवाच्या पुनरागमनाची वाट पाहणारा एक पंथहि आहे, आणि ते लोक कोळीवीरालाच त्या देवाचा अग्रदूत समजतात. दोषहि आहेत. हाणामारी फार, रंग भडक, आणि स्त्रियांच्या वेषाविषयीं न बोलणेंच बरें.

आतां संस्कृताच्या मास्तराला जें सुचलें तें सांगतों. भागवताच्या बाराव्या स्कंधांत शुकाचार्य परीक्षिताला पुढें होणाऱ्या राजांची यादी सांगतात. नंद होतील, मौर्य होतील, अमुक इतकीं वर्षें राज्य करील. सारीं क्रियापदें भविष्यकाळाचीं, व्याकरणांत ज्याला लृट् म्हणतात त्या लकाराचीं. पण तें लिहिणाऱ्याच्या वेळीं ते राजे होऊन गेले होते, असें विद्वान् सांगतात. त्याच स्कंधांत पुढें म्हटलें आहे कीं, कलियुगांत मनुष्याचें कुल, आचार आणि गुण हीं सर्व एका द्रव्यावरूनच ठरतील. हें लिहिणाऱ्यानें दूरचें पाहिलें कीं आपल्या गांवांतलें पाहिलें? आम्हांस वाटतें, गांवांतलें. धनवंताला तोंडावर ‘तूं असें करतोस’ असें म्हणतां येत नाहीं, तेव्हां शहाणा मनुष्य ‘पुढें लोक असें करतील’ असें म्हणतो. भविष्यकाळाचा प्रत्यय हा पुष्कळदां वर्तमानकाळावर पांघरलेला शेला असतो. ‘२०९९’ ही मालिका १९९२ च्या अमेरिकेविषयीं आहे, हें कळण्यास म्हणून ज्योतिषाची गरज नाहीं.

आणि याचा दाखला पुढें त्या मालिकेच्या कर्त्यांनाच मिळाला. १९९६ सालीं मार्व्हल कंपनी पैशाच्या अडचणींत आली. खर्च कमी करण्यासाठीं तिनें या मालिकेचे संपादक जोई कॅव्हेलिअरी यांनाच काढून टाकलें. त्याच्या निषेधार्थ पीटर डेव्हिड यांनीं काम सोडलें. त्यांच्याबरोबर आणखीहि कांहीं लेखक गेले. स्पायडर-मॅनचें तें मासिक ४६ अंकांनंतर बंद पडलें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत कंपनीनें दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. कंपनीच्या राज्यांत माणसाचें काय होतें याची कथा लिहिणारे लोक कंपनीचेच नोकर होते, आणि ती कथा व तींतील वीर या दोहोंवर मालकी कंपनीची होती! राजीनामा देतांना डेव्हिड आपला मिगेल बरोबर नेऊं शकले नाहींत. पुढें २०१४ सालीं त्यांना पुन्हां बोलावणें आलें व त्यांनीं त्याच्या नव्या कथा लिहिल्या. अखेरच्या वर्षांत ते आजारानें खिळले, आणि त्यांच्या औषधोपचारासाठीं वाचकांना वर्गणी जमवावी लागली. २०२५ च्या मे महिन्यांत ते वारले. ज्यानें औषध विकणाऱ्या कंपनीशीं झुंजणारा वीर निर्माण केला, त्याच्याच दवाखान्याचें बिल भरण्यासाठीं अशी वर्गणी व्हावी, हें वाचून आम्हांस फार वाईट वाटलें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्हीं माधवाला बोलावून सांगितलें, "बाळ, मी तुला चुकीचा सल्ला दिला. सही करण्याची घाई करूं नकोस." थोरले चिरंजीव साहजिकच चिडले. ते म्हणाले, "आबा, परवां तुम्हीच म्हणालां, शिस्तीची कंपनी आहे. आज एक चित्रांचें पुस्तक वाचून नको म्हणतां! शिक्षणासाठीं काढलेल्या कर्जाचा हप्ता पुढल्या महिन्यापासून सुरू होतो, तो कोण भरणार?" त्यांचें म्हणणें खोटें नव्हतें. अशी नोकरी रोज चालून येत नाहीं, हें आम्हांसहि कळतें. बराच वेळ कोणी बोललें नाहीं. मग सूनबाई, ज्या एरवीं अशा चर्चेंत तोंड उघडीत नाहींत, त्या म्हणाल्या, "दागिना गहाण ठेवला तर सावकार निदान पैसे देतो. येथें गहाणहि आपण ठेवायचें आणि राबायचेंहि आपणच?"

चिरंजीव निरुत्तर झाले, पण त्यांचें समाधान झालें नाहीं. माधवानें मधला मार्ग काढला. तीन वर्षांची अट मान्य आहे. मूळ प्रमाणपत्रें समक्ष दाखवीन आणि सहीशिक्क्याच्या नकला देईन, परंतु मूळ प्रती हातांतून सोडणार नाहीं, असें विनयपूर्वक पत्र त्यानें कंपनीस लिहिलें. मिगेलला नख्या होत्या. आमच्या माधवाला एक पत्र लिहितां आलें. त्याच्याबरोबरच्या कित्येक मुलांनीं निमूटपणें सह्या केल्या आहेत, असें कळतें. हा लेख लिहीपर्यंत कंपनीचें उत्तर आलेलें नाहीं. तें नकाराचें आलें, तर घरांत दोन मतें होतील आणि हप्त्याचीहि विवंचना पडेल. तथापि दिलेला सल्ला मागें घेण्याचा आमचा विचार नाहीं.

शेवटीं व्याकरणाची आणखी एक गोष्ट. ही मालिका निघाली तेव्हां ‘हेंच आमच्या वीरांचें पुढील जग’ असा मार्व्हलचा बाणा होता. पुढें तिनेंच ठरविलें कीं, हा अनेक संभाव्य काळांपैकीं एक, पर्यायी काळ आहे. आमच्या भाषेंत सांगावयाचें तर तिनें लृट् सोडून लृङ् धरला. लृट् म्हणतो, ‘असें होईल.’ लृङ् म्हणतो, ‘तसें घडलें असतें तर असें झालें असतें,’ म्हणजे तें घडलें नाहीं, टळलें. कोणताहि वाईट भविष्यकाळ लृट्‌मधून लृङ्‌मध्यें आपोआप जात नाहीं. तो कोणीतरी सही करण्यापूर्वीं कागद वाचला तरच जातो. ज्यांच्या घरीं मुलांमुलींच्या नोकरीचे करारनामे येत असतील, त्या वडीलधाऱ्यांनीं पेढे वांटण्यापूर्वीं ते शेवटच्या कलमापर्यंत वाचावेत, एवढीच विनंती.

पुस्तक मित्राला परत द्यावयाचें आहे. त्याचा पुठ्ठा निघाला होता, तो काल दुपारीं खळ लावून चिकटविला आणि वर तपकिरी कागदाचें कव्हर घातलें. अनिरुद्ध म्हणाला, "आबा, कॉमिकला कोणी कव्हर घालतें कां?" आम्हीं सांगितलें, "वाचलेल्या पुस्तकाला घालतात."