ऊन अंगणात, कासव काचेत!

बारामती-इंदापूर पट्ट्यात उन्हाला तोटा नाही. तरीही इथल्या एखाद्या घरात पाळलेल्या कासवाची पाठ मऊ पडू शकते. कारण ते राहतं दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीत, एलईडीच्या उजेडात.

मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारं लाल कानाचं कासव विकत घेताना नाण्याएवढं असतं. सोबत खाद्याचा डबा दिला जातो. यूव्हीबी दिव्याचा विषय क्वचितच निघतो. खरं तर पहिला खर्च तोच असायला हवा.

यूव्हीबी म्हणजे २८० ते ३१५ नॅनोमीटर तरंगलांबीचे अतिनील किरण. ते त्वचेवर पडले की शरीरात ‘ड३’ जीवनसत्त्व तयार होतं आणि मगच खाल्लेलं कॅल्शियम नीट अंगी लागतं. ते नसेल तर शरीर हाडांतलं कॅल्शियम ओढून घेतं. कवच मऊ पडतं, वेडंवाकडं वाढतं, पाय लुळे पडतात. वाकडं झालेलं कवच पुढे सरळ होत नाही.

‘टाकी खिडकीत ठेवली आहे की!’ असं अनेक जण सांगतात. पण खिडकीची काच यूव्हीबी जवळपास पूर्ण अडवते. उलट बंद टाकीतलं पाणी तापून कासव दगावू शकतं. सकाळच्या कोवळ्या उन्हातही हे किरण फार कमी असतात. सूर्य वर चढल्यावर ते वाढतात. म्हणून दहाच्या सुमारास कासवाला उघड्या टबात, अर्धी सावली ठेवून, डोळ्यांसमोर वीस-तीस मिनिटं ठेवावं. कावळा-मांजराकडे लक्ष हवंच.

पावसाळ्यात आणि फ्लॅटमध्ये मात्र दिव्याला पर्याय नाही. तो रोज दहा-बारा तास लागतो, मध्ये काच नको. दिवा लागत असला तरी त्यातले किरण आधीच क्षीण होतात. त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत, साधारण सहा ते बारा महिन्यांत, तो बदलावा. हा खर्च वीस-तीस वर्षं चालणारा आहे. तो झेपणार नसेल, तर मुलाच्या हट्टापायी कासव आणूच नये.

चांदणी कासवाचा तर प्रश्नच नाही. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत ते असल्याने घरी ठेवणं हा गुन्हा आहे. ते वन विभागाकडेच द्यावं.

आणि लाल कानाचं कासव ताटाएवढं झालं म्हणून उजनीच्या पाण्यात सोडणं ही भूतदया नव्हे. हे मूळचं अमेरिकेतलं कासव इथल्या कासवांचं खाद्य आणि जागा, दोन्ही बळकावतं.