बटेराची पिल्लं थंडीनं मरत नाहीत, अर्धवट सांगण्यानं मरतात

आज जरा कडू लिहितो आहे, आधीच सांगून ठेवतो.

मागच्या आठवड्यात शेजारच्या गावचा एक पोरगा घरी आला. म्हणे, काका, बटेराची एक दिवसाची पाचशे पिल्लं बुक केली. मी विचारलं, उबेचं काय? तर म्हणे, "एक मोठा बल्ब लावतो ना. आपल्या चंद्रपुरात कुठली आली थंडी!" हे त्याच्या डोक्यातलं नाही. पिल्लं विकणाऱ्यानं त्याला असंच सांगितलं. मलाही असंच सांगितलं होतं.

माझी गोष्ट ऐका. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत मी तीनशे पिल्लं आणली. खोली कुडाची, वरून कवेलू. लाकडी पेटी केली, वर शंभरचा बल्ब टांगला. तीन दिवस सगळं बरं होतं. चौथ्या रात्री दीडच्या सुमारास लाईन गेली ती पहाटे साडेपाचला आली. बाहेर गारठा असा की हात चोळल्याशिवाय बोटं वळत नव्हती. आमच्याकडं अशा रात्री कंदील घेऊन दुसऱ्याच्या दारी सामान मागायला जाता येत नाही. दाराबाहेर ताडोबाचं जंगल आहे, वाघ फिरतो. पेटीवर घोंगडी टाकून आम्ही नवराबायको बसून राहिलो. उजाडल्यावर मोजली तर 187 मेलेली. सगळी एका कोपऱ्यात, एकावर एक चढून. खालची दबून गेली, वरची गारठून.

पिल्लं देणाऱ्याला फोन केला. तो म्हणे, तुमची निष्काळजी. एका जाणकाराला विचारलं. तो म्हणे, तापमान राखायला पाहिजे होतं. अजी, राखायला पाहिजे होतं हे मलाही कळतं. लाईन गेल्यावर कसं राखायचं, हे पिल्लं देताना एकानं तरी सांगितलं का?

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे. बटेर सोपा पक्षी आहे, पण त्याचे पहिले दोन आठवडे सोपे नाहीत. जो "फक्त बल्ब लावा" म्हणतो तो पिल्लं विकतो आहे, धंदा शिकवत नाही.

कारण समजून घ्या. आपण पाळतो तो जपानी बटेर. 1974 साली तो अमेरिकेतून आपल्या देशात आणला आणि पुढं उत्तर प्रदेशातल्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेत त्याच्यावर काम झालं. पिढ्यानपिढ्या पिंजऱ्यात राहून या पक्ष्याची खुडूक बसायची सवय गेली. तो अंडी घालतो, उबवत नाही. अंडं मशीनमध्ये साधारण 17-18 दिवसांत फुटतं. गावरानी कोंबडीच्या पिल्लाला आईचा पंख असतो, याला कोणीच नाही. आई म्हणजे तुम्ही आणि तुमचा बल्ब.

आणि पिल्लू किती? सात-आठ ग्रॅम. कोंबडीचं पिल्लू 35-40 ग्रॅमचं असतं. लहान गोळा लवकर थंड होतो, मोठा उशिरा. भाकर आणि पातेलंभर भात चुलीवरून उतरवून ठेवा, आधी गार काय होते ते पाहा. म्हणून कोंबडीच्या पिल्लांचा हिशोब बटेराला लावणं ही पहिली चूक, आणि ती शिकलेले लोकही करतात.

आता माझं तापमान सांगतो. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर 35 ते 37 अंश. नंतर दर आठवड्याला तीनेक अंश कमी. तीन-चार आठवड्यांत पिसं भरली आणि रात्र फार गार नसली की ऊब बंद. थर्मामीटर भिंतीला टांगू नका. भिंत गरम करून काय करायचं? पिल्लू खाली आहे, थर्मामीटरही खाली पाहिजे.

पण थर्मामीटरपेक्षा पिल्लावर भरवसा ठेवा. बल्बखाली गोळा होऊन चिवचिव करत असतील तर थंडी आहे. बल्बपासून दूर पळून चोच उघडून धापत असतील तर गरमी आहे. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसरीकडून वारा शिरतो आहे. सगळीकडं पसरून खात-पीत असतील तरच तुम्ही झोपा.

"चंद्रपुरात कुठली थंडी" म्हणणाऱ्यांना दोन गोष्टी सांगतो. एक, जंगलाकाठची पूस-माघाची रात्र शहरातल्या रात्रीसारखी नसते. दुसरी, आपली गरमीही पिल्लं मारते. मे महिन्यात दुपारी खोलीच चाळीसच्या वर जाते, आणि लोक "पहिला आठवडा आहे" म्हणून बल्ब चालूच ठेवतात. पिल्लं भाजून मरतात आणि नाव रोगाचं होतं. उन्हाळ्यात दुपारी बल्ब बंद, पहाटे चालू. घड्याळ पाहू नका, पिल्लं पाहा.

आता माझी आजची पद्धत. त्या 187 नंतर शिकलेली.

कोपरा ठेवत नाही. खोक्याच्या पुठ्ठ्याचा गोल करतो, फूटभर उंच. शंभर पिल्लांना पहिल्या आठवड्यात चार फूट व्यास पुरतो. खाली धानाचं तूस, त्यावर बारदाना. कोरं वर्तमानपत्र टाकत नाही, त्यावर पाय घसरतात आणि पिल्लू फेंगडं होते. उघडं तूसही नाही, पहिले दिवस पिल्लू तेच खात बसते.

एक मोठा बल्ब नाही, दोन लहान. एक उडाला तर दुसरा असतो. आणि बल्ब पिवळाच पाहिजे. दुकानात आता एलईडी हातात देतात. त्याचा उजेड पडतो, ऊब पडत नाही. पोरानं लावला होता एलईडी, म्हणे वीज वाचते!

लाईन गेली तर? चुलीवर आंघोळीचं पाणी रोज संध्याकाळीच तापवून झाकून ठेवतो. लाईन गेली की दोन-तीन झाकणाच्या स्टीलच्या डब्यांत कडक पाणी भरायचं, डबे बारदान्यात गुंडाळून गोलाच्या मधोमध ठेवायचे, वरून घोंगडी, पण हवेला फट सोडून. पाणी कोमट झालं की बदलायचं. रात्रभर जागावं लागते, पण पिल्लं जगतात.

बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. कोळसा आपल्या जिल्ह्यात मुबलक आहे म्हणून हा सल्ला सर्रास देतात. त्याच्या धुराला वास नसला तरी विष असते. पिल्लं तर जातीलच, राखण करणारा माणूसही सकाळी उठणार नाही. आणि उबेसाठी बायाबापड्यांना सरपणाला जंगलात पाठवायचं असेल तर असा धंदा नकोच. किती घरं वाघानं उजाड झाली ते इथं सांगायची गरज नाही.

पाण्याच्या भांड्यात गोटे टाका. उथळ पाण्यातही हे पिल्लू बुडते, आणि भिजलं की ऊब असूनही गारठते.

आता मुद्द्याचं. पहिल्यांदा बटेर करणाऱ्यानं एक दिवसाची पिल्लं घेऊच नये. दोन-तीन आठवड्यांची घ्यावी. लोक म्हणतात, ती महाग पडतात. माझा हिशोब पाहा. 300 चे पैसे दिले, जगली 113. म्हणजे जगलेलं एकेक पिल्लू मला अडीच पटीहून महाग पडलं. दुप्पट भावानं मोठी पिल्लं घेतली असती तरी स्वस्त होती. पोटासाठी धंदा करतो जी आपण, स्वस्त पिल्लू मोजायचं की जगलेलं?

प्रशिक्षण देणाऱ्या साहेबांनाही हात जोडून सांगणं आहे. खर्चाच्या कागदात पिंजरा लिहिता, खाद्य लिहिता. लाईन गेल्यावरच्या उबेची ओळही लिहा. ती नसेल तर तो कागद शहरातल्या शेतकऱ्यासाठी आहे, आमच्यासाठी नाही.

एक आणखी. आपण जंगलाच्या दारात राहतो. पाळायचा तो जपानी बटेरच. बांधावरचा लावा किंवा तितर, त्याची अंडी-पिल्लं उचलून आणू नका. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे. पिल्लं घेतल्याची पावती जपून ठेवा.

त्या पोरानं पाचशेचे शंभर केले, तेही तीन आठवड्यांचे. विकणारा माझ्यावर रागावला असं कळलं. रागावू द्या. ज्याला वाटते एका बल्बावर पाचशे पिल्लं जगतात, त्यानं जानेवारीत एक रात्र माझ्या कुडाच्या खोलीत येऊन बसावं. चहा मी पाजतो.