लग्नाची घाई गळीत हंगामाला

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातले तांडे आणि वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. त्याआधी मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते आणि ती ठरते कोयत्यावर. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर अर्धा कोयता, त्याची उचलही तशीच कमी. म्हणून मुलाच्या घरी हंगामाआधी सून आणायची घाई होते. मुलीच्या आईबापांना वेगळाच घोर असतो: सहा महिने पोरीला गावी कोणाच्या भरवशावर ठेवायचं? दोन्ही घरांची नड एकाच बोहल्यावर भागते, अनेकदा पोरीचं वय भरायच्या आत.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) वीस ते चोवीस वयाच्या महिलांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघालं, बीडमध्ये ४३.७ टक्के. २००६ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा मात्र सगळीकडे एकच आहे.

लग्नानंतरचा संसार फडाशेजारच्या खोपीत सुरू होतो. तिथे बहुतेक ठिकाणी संडास नसतो, न्हाणी नसते, पाळीत विसावा नसतो. पहाटेपासून तोड, मग मोळ्या डोक्यावर वाहून गाडी भरायची. खाडा झाला की पैसे कापले जातात, त्यामुळे दुखणं अंगावर काढलं जातं. अंगावरून जाणं, ओटीपोटात कळा, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग. मग एखाद्या खासगी दवाखान्यात कॅन्सरची भीती घातली जाते आणि ऐन तिशीत गर्भाशयाची पिशवी काढली जाते. त्या खर्चासाठीही अनेकदा मुकादमापुढेच हात पसरावा लागतो.

२०१९ मध्ये यावर गदारोळ झाला आणि आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. बीडमध्ये पाहणी झालेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. दर सहा जणींत एक!

त्यानंतर जिल्ह्यात या शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. ती हवीच होती. पण दुखणं जडतं फडात आणि लग्न ठरतं उचलीच्या हिशेबात. तिथे हात घालायला हवा. जोडीऐवजी प्रत्येक मजुराची स्वतंत्र नोंद झाली, बाईची मजुरी तिच्याच खात्यात गेली, आजारपणाचा खाडा माफ झाला, तर लग्नाची घाई आणि पिशवीची घाई दोन्ही कमी होतील. कारखान्यांना दरवर्षी गाळप परवाना साखर आयुक्त देतात. मजुरांच्या तळावर पाणी, संडास आणि हंगामभर फिरता दवाखाना या अटी त्याच परवान्यात घालाव्यात आणि त्या पाळल्या नाहीत तर गाळप थांबवावं.