एकवीस की वीस एक?

२०१९ च्या जून महिन्यात 'बालभारती'च्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकावरून महाराष्ट्रात जो गदारोळ उठला, त्यात मूळ प्रश्न बाजूलाच राहिला. 'एकवीस', 'बावीस' यांच्या जोडीने 'वीस एक', 'वीस दोन' असे संख्यावाचन या पुस्तकाने सुचविले होते. त्याची विधिमंडळातही थट्टा झाली. जुने शब्द रद्द केलेले नाहीत, हा गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांचा खुलासा त्या गोंगाटात फारसा कोणी ऐकला नाही. वस्तुतः हा वाद भाषाभिमानाचा नव्हे. तो भाषा आणि विचार यांच्या संबंधाचा आहे.

'त्रेसष्ट' म्हणताना तीन आधी येतात, लिहिताना सहा. म्हणून मूल ३६ लिहून मोकळे होते. 'एकशे त्रेसष्ट'मध्ये तर शतक आधी, मग एकक आणि शेवटी दशक! 'एकोणतीस' म्हणजे तिसांना एक उणा. हा नियम एकोणनव्वदपर्यंत चालतो आणि नव्व्याण्णवपाशी मोडतो. मन एका वेळी मोजक्याच गोष्टी धरून ठेवू शकते, हे मानसशास्त्राने दाखवून दिले आहे. शब्दाची उकल करण्यातच लक्ष खर्ची पडले, तर उदाहरण सोडवायला ते उरणार कोठून? 'त्रेसष्ट अधिक पंचवीस' अवघड वाटते. 'साठ तीन अधिक वीस पाच' म्हटले की ऐंशी आठ हे उत्तर शब्दांतूनच पुढे येते.

याचा दाखला शोधायला दूर जाण्याचे कारण नाही. सांगली जिल्ह्याच्या जत तालुक्यात कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. कन्नडमधील 'इप्पत्तोंदु' म्हणजे सरळ वीस आणि एक. नॉर्वेने तर १९५१ साली 'एक आणि वीस' ही आपली जुनी रीत अधिकृतपणे बदलून 'वीस एक' स्वीकारली. जुनी रीत तेथील बोलण्यातून अद्याप पुरती गेलेली नाही, आणि त्यामुळे त्या भाषेचे काही बिघडलेही नाही.

उलट पक्षी, जर्मन भाषाही एकक आधी उच्चारते, तरी त्या देशाने थोर गणिती दिलेच, हा आक्षेप रास्त आहे. परंतु प्रश्न थोर गणितींचा नसून पहिल्या पायरीवर अडखळणाऱ्या मुलांचा आहे. अर्थशास्त्राच्या भाषेत बोलायचे, तर शब्द पाठ करण्याची किंमत सर्वांना सारखी पडत नाही. ज्याच्या घरी रोज उजळणी घेणारे कोणी आहे, त्याला ती जाणवत नाही. ऊसतोडीच्या फडावर आईबापांबरोबर फिरणाऱ्या मुलाला ती पुरेपूर मोजावी लागते. १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी कराडजवळच्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ती अशाच उपेक्षित घरांतील मुलांसाठी.

तेव्हा 'वीस एक' ही शिडी मानावी आणि 'एकवीस' हा माडीवरचा दिवाणखाना. सांगलीच्या हळदपेठेत व्यवहार करायचा, तर एकवीस यायलाच हवे. पण तेथवर चढण्यासाठी शिडी काढून घेण्यात कसला भाषाभिमान? सातारा-सांगलीच्या काही शाळांत दोन्ही रीतींनी शिकवून वर्षअखेर मुलांची पारख करावी. जतच्या कन्नड शाळांशी तुलनाही करावी. मात्र घरची परिस्थिती वेगळी असेल, तर निष्कर्ष जपून काढावा. निर्णय वर्गातील फळ्याने द्यावा, सभागृहातील हशाने नव्हे.